मोजणीआधीची रेघ

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्या दिवशी जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी इथले एकही कुटुंब घर बदलून कुठे गेले नाही. कोणाची शेती वाढली नाही, कोणाची मजुरी घटली नाही. तरीही कागदावर फार मोठा बदल झाला. 2011च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या घरात होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 14 टक्के होते. त्याच जनगणनेची तीच माणसे नव्या सीमेच्या आत मांडली, की पालघर जिल्ह्यात हे प्रमाण 37 टक्क्यांच्या आसपास जाते. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांपुरते पाहिले तर दहांतली नऊ माणसे आदिवासी समाजाची निघतात. जुना आकडा खोटा नव्हता. बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. पण त्या भागाकारात कल्याण, डोंबिवली, मीरा-भाईंदर, नवी मुंबई यांची प्रचंड लोकसंख्या सामील होती, आणि तिच्याखाली डोंगरातले पाडे दिसेनासे झाले होते. राज्याच्या नकाशात आदिवासी लोकसंख्येची छटा भरताना ठाण्याच्या वाट्याला फिकट रंग येई, आणि नियमाने पाहता तो बिनचूक असे.

मानवी भूगोलाची ओळख करून देणारी पुस्तके सहसा स्थान, प्रदेश, अंतर, घनता, स्थलांतर, वसाहत अशा संकल्पनांपासून सुरुवात करतात, आणि नकाशाशास्त्राची पुस्तके प्रमाण, प्रक्षेपण, दिशा आणि चिन्हे यांपासून. दोन्ही वाटा योग्य आहेत. पण या दोन्ही विषयांच्या उंबरठ्यावर एक निर्णय उभा असतो आणि त्याची चर्चा फार कमी होते: मोजायचे ते कोणत्या रेषेच्या आत? घनता काढायची तर क्षेत्रफळ कशाचे घ्यायचे? स्थलांतर मोजायचे तर माणसाने कोणती हद्द ओलांडली म्हणजे तो स्थलांतरित झाला? अहिल्यानगर जिल्ह्यातून बीडला गेलेला ऊसतोड कामगार आणि पाथर्डीतून राहुरीला गेलेला ऊसतोड कामगार यांच्या आयुष्याची ओढाताण सारखीच आहे. जिल्हा हे एकक धरले तर पहिला नोंदीत येतो, दुसरा येत नाही. माझे म्हणणे असे, की मोजणीचे एकक ठरवणे हाच मानवी भूगोलातला पहिला आणि सर्वांत परिणामकारक निर्णय आहे. तो बहुधा आपण घेतलेला नसतो, दुसऱ्या कोणी वेगळ्याच कामासाठी घेतलेला असतो. म्हणून नकाशा वाचायला शिकणे म्हणजे आधी ती रेघ वाचायला शिकणे.

या निर्णयाचे वजन किती, हे 1979 साली स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर या भूगोलज्ञांनी आकड्यांनी दाखवले. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 99 काउंटी आहेत. तिथल्या वृद्धांचे प्रमाण आणि एका पक्षाला मिळालेल्या मतांचे प्रमाण यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. त्याच 99 काउंटी वेगवेगळ्या रीतीने एकत्र करून त्यांनी थोडे मोठे विभाग बनवले आणि प्रत्येक वेळी तोच संबंध पुन्हा मोजला. उत्तर जवळपास उणे एकपासून जवळपास अधिक एकपर्यंत कुठेही जाऊ शकते, असे निघाले. म्हणजे वृद्ध वाढले की मते वाढतात असेही सिद्ध करता येत होते आणि वृद्ध वाढले की मते घटतात असेही. मूळ आकडा एकही न बदलता. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक एककाच्या आकाराची: तालुक्यावरून जिल्ह्यावर गेले की टोके बोथट होतात आणि सरासरी गुळगुळीत होते. दुसरी रेघेच्या जागेची: आकार तोच ठेवून रेघ चार किलोमीटर इकडे-तिकडे सरकवली, तरी निष्कर्ष बदलू शकतो. पुणे जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सांगणे म्हणजे चार हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाचे लोणावळे आणि जेमतेम पाचशे मिलिमीटरांचा इंदापूर यांना एका आकड्यात बसवणे. तो आकडा जिल्ह्यातल्या कुठल्याच शिवारात पडत नाही.

इंदापूरचे नाव निघाले आहे, तर तिथेच थोडे थांबू. कारण आपल्या गावोगावच्या नकाशांचा इतिहास त्या तालुक्यातून जातो. पेशवाई संपल्यानंतर कंपनी सरकारला दख्खनचा शेतसारा ठरवायचा होता. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनी मोजून, उत्पन्नातून खर्च वजा करून उरणाऱ्या नफ्यावर सारा बसवायचा प्रयत्न केला. पद्धत तर्काने नेटकी होती, पण मोजणीत चुका झाल्या, आकारणी पेलण्यापलीकडची निघाली आणि शेतकऱ्यांनी जमिनी सोडायला सुरुवात केली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836च्या सुमारास इंदापुरात नव्याने आकारणी केली, आणि त्या अनुभवातून मुंबई इलाख्याची पाहणीची रीत घडत गेली; 1847च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. या रीतीत जमिनीचा तुकडा, म्हणजे सर्व्हे नंबर, एका बैलजोडीला कसता येईल अशा बेताने पाडायचा होता. म्हणून कोरडवाहू हलक्या जमिनीचा नंबर मोठा आणि भातखाचराचा लहान. पुढे 1089 चौरस फुटांचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर या मापांत हे सारे बसले, आणि आजच्या सातबाऱ्यामागे तीच चौकट आहे. मला हे एकक मोठे बोलके वाटते: त्यात जमीन, जनावर आणि श्रम यांचा हिशेब एका रेघेत आला होता. पण ती रेघ साऱ्यासाठी ओढली गेली होती, हेही त्याच नकाशात स्वच्छ दिसते. शिवारातला प्रत्येक बांध तिथे आहे. गावठाण मात्र एक कोरा तुकडा आहे. जिथे माणसे राहत, जिथे गल्ल्या, वाडे, मंदिरे, आळ्या, वेशीबाहेरच्या वस्त्या होत्या, तिथे शेतसारा नव्हता, म्हणून घराघराची मोजणीही नव्हती. परिणाम असा, की पिढ्यान् पिढ्या शेतावर कर्ज काढता आले, पण गावातले स्वतःचे घर तारण ठेवायला हाती कागद नव्हता. गावठाणातली घरे ड्रोनच्या साहाय्याने मोजण्याची स्वामित्व योजना केंद्र सरकारने सुरू केली ती 2020 साली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणता प्रश्न विचारला गेला नाही, याचे हे परिणाम आहेत.

हीच गोष्ट 'गाव' या एककाची. जनगणनेतले गाव म्हणजे महसुली गाव. देशावर, जिथे घरे एका जागी दाटीने बसलेली असतात, तिथे हे बऱ्यापैकी जुळते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुळत नाही. तिथे गाव म्हणजे ओढे, टेकड्या आणि भातखाचरे यांनी विलग झालेल्या वाड्या. एका वाडीत नळ आणि डांबरी रस्ता असतो, दुसरीतली बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते, आणि दोन्ही वाड्यांची मिळून एकच ओळ तक्त्यात येते: गावात पाण्याची सोय आहे. उलट टोकाला, एकही माणूस राहत नाही अशी बेचिराग गावे महसुली यादीत नावानिशी टिकून असतात. या चौकटीला कायद्याने पहिला मोठा छेद दिला तो 1996च्या पेसा कायद्याने. अनुसूचित क्षेत्रात गाव म्हणजे काय हे सांगताना त्याने महसुली हद्द बाजूला ठेवली आणि वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथले लोक एक समाज म्हणून राहतात आणि आपल्या रीतीने आपले व्यवहार चालवतात, त्याला गाव मानले. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 साली केले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाला 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा वनखात्याच्या नकाशात कक्ष क्रमांकांनी ओळखले जाणारे जंगल एका ग्रामसभेच्या नावाने ओळखले जाऊ लागले. झाडे तीच, बांबू तोच. त्याच जमिनीवर दुसऱ्या प्रश्नासाठी दुसरी रेघ ओढली गेली, आणि बांबूचा परवाना कोणी द्यायचा याचे उत्तर बदलले.

एककाचा वाद मराठी वाचकाला सर्वांत तीव्रतेने माहीत आहे तो सीमाप्रश्नाच्या रूपात, जरी तो आपण भाषेचा वाद म्हणून ओळखतो. 1955च्या राज्य पुनर्रचना आयोगाने सीमा ठरवताना सामान्यतः जिल्हा हे एकक धरावे अशी भूमिका घेतली. बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. आंध्र आणि मद्रास यांच्यातल्या सीमेसाठी मात्र पाटसकर निवाड्यात खेडे हे एकक धरले होते, आणि महाराष्ट्राची मागणी तेव्हापासून हीच राहिली आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. महाजन आयोगाचा 1967चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, आणि 2004 साली राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दोन्ही बाजू जनगणनेचेच आकडे मांडतात. जिल्ह्याच्या रेघेत पाहिले की एक चित्र दिसते, तालुक्याच्या रेघेत दुसरे, खेड्याच्या रेघेत तिसरे. खेडे हे एकक मला अधिक न्याय्य वाटते, कारण भाषा रोजच्या व्यवहारात जगते आणि तो व्यवहार खेड्याच्या मापाचा असतो. पण भूगोलाशी प्रामाणिक राहायचे तर हेही सांगितले पाहिजे, की खेड्यावर येऊनही प्रश्न पूर्ण सुटत नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि नात्यागोत्यात दोन्ही अशी हजारो माणसे या पट्ट्यात आहेत, आणि जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यात प्रत्येकाला एकच नाव लिहिता येते. नकाशावर रेघेच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा भरला, की हा दुभाषी प्रदेश दिसेनासा होतो. आणि खरे तर मानवी भूगोलाने अभ्यासावा असा तोच प्रदेश आहे.

रेघेच्या आतले सारखेपण शोधणे ही प्रदेश ओळखण्याची एक रीत. काळी माती, कापूस, अमुक भाषा, अमुक घनता. दुसरी रीत संबंधांची: माणसे, माल, पाणी, बातमी कुठून कुठे जाते ते पाहायचे आणि त्या येण्याजाण्याच्या कक्षेला प्रदेश म्हणायचे. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवर चालताना महाराष्ट्राची अशीच ओळख मांडली: ज्या भूमीतले लोक पंढरपूरच्या वारीला जातात ती भूमी. प्रशासनाच्या कोणत्याही सीमेत हा प्रदेश बसत नाही, कारण त्याची हद्द दिंड्या कुठून निघतात यावर ठरते. कोकणातल्या शेतकऱ्याची खलाटी आणि वलाटी ही विभागणीही अशीच आहे: समुद्राकडची सखल जमीन आणि सह्याद्रीकडचा चढता पट्टा, दोहोंची पिके निराळी, पाणी निराळे, वर्षभराच्या कामाचा क्रम निराळा. कोणत्याही तालुक्याच्या नकाशात ही नावे छापलेली नसतात, पण जमिनीचा व्यवहार समजून घ्यायला ती तालुक्याच्या हद्दीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

संबंधांतून रेघ काढण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1854च्या लंडनमधले आहे. सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू घरांप्रमाणे नकाशावर मांडले आणि एका सार्वजनिक पंपाभोवती ते दाटलेले दिसले, इतके सर्वांना ठाऊक असते. त्यापुढचे काम अधिक मोलाचे आहे. कोणत्या घरातून कोणता पंप चालत जायला जवळ पडतो हे रस्त्यारस्त्याने पाहून त्याने एक वाकडीतिकडी रेघ काढली: या रेघेच्या आत ब्रॉड स्ट्रीटचा पंप जवळचा, बाहेर दुसरा कोणता तरी. मृत्यू त्या रेघेच्या आत होते. जे त्या रेघेत बसत नव्हते त्यांचाही त्याने शोध घेतला. जवळच्याच दारूभट्टीचे कामगार वाचले होते. ते पंपाचे पाणी पीत नव्हते. दूर हॅम्पस्टेडला एक वृद्धा दगावली होती. तिच्यासाठी याच पंपाचे पाणी मुद्दाम मागवले जात असे. नकाशाशास्त्राचे अमेरिकन अभ्यासक मार्क मोनमोनियर यांनी पुढे दाखवून दिले, की हेच मृत्यू मोठ्या विभागांत गोळा करून छटा भरल्या असत्या, तर विभागांची रेघ कशी ओढली यावर तो गुच्छ दिसला असता किंवा पार विरून गेला असता. स्नोचे यश ठिपक्यांत जितके आहे तितकेच, किंबहुना अधिक, पाणी भरायला चालत जाण्याच्या अंतराला एकक मानण्यात आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. सगळेच रेघेवर अवलंबून असेल, तर नकाशा हे केवळ मत ठरत नाही काय? ज्याच्या हाती पेन्सिल त्याचे सत्य, असा अर्थ निघत नाही काय? मला तसे वाटत नाही. विल्यम लॅम्ब्टनने 1802 साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या महात्रिकोणमितीय पाहणीला सुरुवात केली. 1823 साली वर्धेजवळच्या हिंगणघाटला तो वारला, तोवर दख्खनच्या पठारावर त्रिकोणांची साखळी आली होती. त्या त्रिकोणांचे कोन कोणाच्या मतावर अवलंबून नव्हते. चूक झाली तर ती पुढच्या मोजणीत पकडली जात असे. मोजमापाची अचूकता आणि एककाची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आक्षेप घेणारे त्यांची गल्लत करतात. ठाणे जिल्ह्याचे 14 टक्के आणि पालघरचे 37 टक्के दोन्ही सत्य आहेत. त्यांतून मोखाड्यातल्या बालकाच्या पोषणाबद्दल काय अनुमान काढायचे, यात एक नकाशा दुसऱ्यापेक्षा निश्चित चांगला आहे. निवड करावी लागते म्हणजे ती मनमानी असते असे नाही. तिची कारणे सांगता येतात, तपासता येतात, दुसऱ्या एककावर तोच नकाशा काढून पडताळता येतात.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा: उपग्रह आले, हातातल्या फोनमध्ये जागा कळते, मग या जुन्या चर्चेचे प्रयोजन काय? उपग्रहाच्या चित्रात धारावीचे पत्रे दिसतात. त्या पत्र्याखाली किती कुटुंबे पाळीपाळीने झोपतात हे दिसत नाही. गायरान दिसते, त्यावर कोणाचा चराईचा हक्क आहे ते दिसत नाही. शिवाय चित्र कितीही सूक्ष्म असले तरी आकडे अखेर कोणत्या तरी हद्दीत भरावे लागतात, आणि रंगाला डोळा फसतो तो फसतोच. राज्याच्या नकाशात गडचिरोली 14,412 चौरस किलोमीटर व्यापते आणि तिथे 2011 साली दहा लाख बहात्तर हजार माणसे होती. मुंबईचे दोन जिल्हे मिळून सहाशे चौरस किलोमीटरांच्या आसपास, आणि माणसे सव्वा कोटीच्या जवळ. निवडणुकीचा किंवा साथीचा रंगीत नकाशा पाहताना आपण नकळत जमीन मोजतो, माणसे मोजत नाही. उपग्रहाने हा दोष घालवलेला नाही, संगणकाने उलट तो सोपा केला आहे: छटांच्या पायऱ्या कुठे तोडायच्या हे यंत्र आपोआप ठरवते आणि काढणाऱ्याला आपण काही ठरवले याची जाणीवही राहत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रशासन म्हणते, निधी जिल्हाधिकाऱ्यामार्फत जातो, जबाबदारी तहसीलदाराची असते, तेव्हा नकाशाही जिल्ह्या-तालुक्याचाच हवा; रेघेला धनी पाहिजे. हे खरे आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाचा हिशेब 1984च्या दांडेकर समितीने जिल्हावार मांडला, म्हणून त्यावर विधिमंडळात भांडता आले. शिवाय एकक लहान केले की सगळे चांगलेच होते असेही नाही. साठ माणसांच्या पाड्यात एका वर्षी एक मूल दगावले तर मृत्युदर भयंकर दिसतो, पुढच्या वर्षी तो शून्य होतो, आणि दोन्ही आकड्यांतून काही शिकता येत नाही. फार लहान एककात माणूस ओळखूही येतो, त्याचे खासगीपण उरत नाही. म्हणून आग्रह लहान एककाचा नसावा. ज्या घडामोडीचा अभ्यास करायचा तिच्या मापाच्या एककाचा असावा. पाणी गावाची शीव जाणत नाही. म्हणून राज्याच्या भूजल यंत्रणेने भूजलाच्या हिशेबासाठी महाराष्ट्र दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागला आहे. शाळा लहान मुलाच्या पायांच्या मापाची हवी. शिक्षणहक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर हे अंतर धरले आहे, आणि मध्ये ओढा असेल तर पावसाळ्यात ते किलोमीटर किती लांबते हे नकाशानेच सांगायचे असते. प्रशासनाची रेघ जबाबदारीसाठी ठेवावी. समजून घेण्यासाठी तिच्यावर दुसरी रेघ काढावी, आणि दोन्ही जिथे जुळत नाहीत तिथे अभ्यास सुरू करावा.

या अभ्यासासाठी लागणारे साहित्य दुर्मीळ नाही. प्रत्येक जनगणनेआधी प्रशासकीय सीमा गोठवल्या जातात: ठरावीक तारखेनंतर मोजणी पूर्ण होईपर्यंत नवा जिल्हा नाही, नवा तालुका नाही, गावाच्या हद्दीत फेरफार नाही. मोजणी सुरू होण्याआधी रेघ पक्की करावी लागते, हे देशातली सर्वांत मोठी मोजणी दर वेळी स्वतःच मान्य करते. त्या रेघेच्या आत काही शे माणसांचा एकेक गट प्रगणकाच्या वाट्याला येतो. प्रगणक बहुधा शिक्षक असतो. तो आपला गट पायी फिरून हाताने नजरी नकाशा काढत आला आहे: पक्क्या घराला चौकोन, कच्च्या घराला त्रिकोण, विहीर, देऊळ, शाळा, बोळ, आणि कोणत्या दारापासून सुरुवात करून कुठे संपवायचे त्याचा बाण. 2011 साली असे नकाशे देशभर लाखोंनी निघाले. त्यांत प्रमाण नव्हते आणि प्रक्षेपणही नव्हते, पण वाडी वाडीपासून वेगळी होती आणि वेशीबाहेरची घरे वेशीबाहेरच होती. छापील तक्त्यांत हे सारे गावाच्या किंवा वॉर्डाच्या एका ओळीत मिसळून गेले. नकाशाशास्त्र शिकू पाहणाऱ्याने पहिला सराव म्हणून आपल्या गल्लीचा किंवा वाडीचा असा नजरी नकाशा काढावा आणि मग तोच भाग गावाच्या महसुली नकाशावर शोधावा. गावठाणाच्या त्या कोऱ्या तुकड्यात किती घरे भरावी लागतात हे मोजताना प्रमाण, चिन्ह आणि सीमा या तिन्ही संकल्पना त्याच्या कामाला येऊ लागतील.